घुबडाला मारलेलं ढेकूळ

प्लॅस्टिकचं घुबड कुणाचं काही वाकडं करू शकत नाही, हे वाक्य त्या फाल्गुनात मी इतक्या वेळा बोलले, की शेवटी शेवटी ते माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

घुबड आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाचं. गच्चीवरची कबुतरं हाकलायला ऑनलाइन विकतात त्यातलं. आतून पोकळ, बुडाशी वाळू भरायला झाकण, डोळे पिवळे आणि नको इतके मोठे. डोकं एका खिळ्यावर नुसतं बसवलेलं, त्यामुळे वारा आला की ते इकडून तिकडे वळतं. कबुतरं त्याला दोन दिवसांत ओळखतात आणि त्याच्याच डोक्यावर बसतात. भोवत्याला मात्र ते ओळखता येत नाही, आणि मला तेच हवं होतं.

भोवत्या हा हिवाळ्यात उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतून आपल्याकडे येणारा शिकारी पक्षी. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा. पिकावरून, नांगरटीवरून अगदी खालून हेलकावे घेत जातो आणि टोळ, उंदीर टिपतो. त्याला घुबडाचा मनस्वी राग. उजेडात घुबड दिसलं की तो त्याच्या डोक्यावर झेप घेतो. म्हणून घुबडाच्या मागे दोन बांबूंमध्ये बारीक काळं जाळं चिमट्यांनी अडकवायचं. पक्षी धडकला की चिमटे सुटतात आणि जाळं त्याच्याभोवती गोळा होतं. मग त्याला कापडी पिशवीत घालून वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचं. कामाला दहा मिनिटं लागतात.

काठसावंगीत ते मला अख्खा महिना पुरलं.

काठसावंगी धरणाच्या पाण्यालगत आहे, हिंगोलीहून जीपने तासाभरावर. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं तसा काठ रोज थोडा खाली सरकतो आणि मागे काळा गाळ ठेवून जातो. ज्यांची शेतं धरणात बुडाली त्यांना या गाळाचे पट्टे वर्षापुरते कसायला मिळतात. याला गाळपेर म्हणतात. वरच्या अंगाला हरभरा, खाली पाण्याशी टरबूज. समुद्र आमच्या जिल्ह्याने पाहिलेला नाही, त्यामुळे लाटा, शिंपले आणि ओल्या काठावर उमटलेली पावलं असला जो काही किनारा आमच्या वाट्याला आला आहे तो हाच. गेले काही हिवाळे मी या काठाने शिकारी पक्ष्यांची मोजणी करते. सोबत रामकिशन असतो. तो आमच्या प्रयोगशाळेचा परिचर, जीप चालवतो, बांबू ठोकतो आणि सारखा काही ना काही बोलतो.

माघात मला भोवत्याची एक मादी दिसली. तपकिरी, अंगाने अजून भरलेली. तिच्या डाव्या पायातून एक दोरा लोंबत होता. मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन, वीतभराहून जास्त. जमिनीवर बसली की तो धसकटात अडकायचा आणि ती हिसका देऊन उठायची. असा दोरा पुढे काय करतो ते मला माहीत आहे. एका वर्षी मी बाभळीला उलटा लटकलेला सांगाडा पाहिला होता, आणि पिसांवरून तो कुणाचा ते ओळखलं होतं. ही मादी फाल्गुनाच्या शेवटी परतीच्या वाटेला लागणार होती. वाटेत हजारो बाभळी आणि विजेच्या तारा. त्याआधी तिला धरून दोरा कापायचा, एवढंच मला करायचं होतं. वन विभागाची परवानगीही तेवढ्याच मुदतीची होती.

रामकिशनने तिचं नाव दोरावाली ठेवलं.

दोरावाली रोज संध्याकाळी पलीकडच्या गवतात झोपायला जाताना एकाच वाटेने जायची. ही वाट सोजराबाईंच्या पट्ट्यावरून, अगदी पाण्याच्या कडेने होती. पट्ट्याच्या टोकाला एक जुनं बुडीत खोड उघडं पडलेलं होतं. घुबड ठेवायला याहून चांगली जागा नव्हती.

गावात काहीही करण्याआधी सांगून करावं, म्हणून मी हॉटेलवर जाऊन सगळं समजावलं. कडीवर नंबर असतो म्हटल्यावर एकाने विचारलं, त्या नंबरवर फोन लावला तर घार उचलते का. दुसऱ्याला कडी चांदीची आहे का ते हवं होतं. तिसऱ्याचं ठाम मत होतं की ही पाखरांची मोजणी नसून गाळपेराचे पट्टे काढून घ्यायची मोजणी आहे. माणिकराव म्हणजे गावचे माजी सरपंच. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, आधी माझा सत्कार करू म्हणाले, मी नको म्हटल्यावर जरा दुखावले, आणि मग गावात सगळ्यांना घुबडाबद्दल सांगायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

त्यांनी खरोखर सगळ्यांना सांगितलं. फक्त सोजराबाईंना सांगितलं नाही, कारण सोजराबाईंशी ते बोलत नाहीत. दोघांचे पट्टे शेजारी. मधला बांध दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि दर हिवाळ्यात नव्याने घालावा लागतो, त्यामुळे त्यांचं भांडणही दरवर्षी नवं निघतं. मी नंतर माणिकरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सगळ्यांना म्हणजे ज्यांच्याशी बोलणं आहे त्या सगळ्यांना.

पहिल्या संध्याकाळी आम्ही घुबड खोडावर ठेवलं, जाळं लावलं आणि लांब बाभळीआड बसलो. पाखराच्या आधी सोजराबाई आल्या. सत्तरीच्या, काटक, डोक्यावर टोपलं, लुगड्याचा ओचा वर खोवलेला. त्यांनी घुबड पाहिलं. टोपलं खाली ठेवलं. मी उठून हाक मारेपर्यंत त्यांनी गाळाचं एक वाळलेलं ढेकूळ उचलून नेम धरून मारलंसुद्धा.

ढेकूळ बरोबर डोक्याला लागलं. डोकं गर्रकन फिरलं, एक फेरा घेतला आणि सोजराबाईंकडे तोंड करून थांबलं. ढेकूळ खोडावरून उडालं, उताराने गडगडत गेलं आणि पाण्यात पडलं.

 सोजराबाई टोपलं तिथंच टाकून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर खोडावर घुबडाच्या जागी कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलेलं, त्यावर धोंडा, आणि शेजारी सोजराबाईंचा मुलगा संतराम. तो फार संकोचून म्हणाला की आईने सांगितलंय, आपल्या पट्ट्यात आता जाळं नको, काही नको. कारण विचारलं तर त्याने पाण्याकडे बोट केलं.

कारण मलाही ऐकून माहीत होतं. आमच्याकडे घुबडाला दगड मारत नाहीत. मारलाच तर घुबड तो चोचीत उचलतं आणि पाण्यात नेऊन टाकतं. मग पाण्यात दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूस घरात झिजत जातो. लहानपणी मला ही गोष्ट आवडायची. तिच्यात एक प्रकारचा हिशेब आहे. पण काळ्या गाळाचं ढेकूळ म्हणजे दगड नव्हे.

"दगड असता तं चार-दोन वर्सं तरी भेटली असती," संतराम म्हणाला. "ढेकळाचं काय मॅडम, घंट्याभरात इरघळून जातं."

मी सोजराबाईंकडे गेले, आणि जाताना घुबड सोबत नेलं. ते पोकळ आहे, बुडाला झाकण आहे, आत वाळू आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की पटेल असा माझा अंदाज. मी काखेत घुबड घेऊन गल्लीतून चालत असताना दोन्ही बाजूंची दारं एकामागून एक लागली. रामकिशन माझ्यामागे बऱ्याच अंतराने येत होता. नंतर म्हणाला, चप्पल तुटली होती.

सोजराबाईंनी मला बसायला पोतं टाकलं, सून शकुबाईला चहा ठेवायला सांगितला आणि माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. वाळू पाहिली. झाकण उघडून लावून पाहिलं. घुबडाला मात्र बोट लावलं नाही, हे सगळं माझ्याकडूनच करवून घेतलं.

"प्लाष्टिकचं हाय. व्हय. त्यानं ढेकूळ उचललं न्हाई म्हनतीस."

"नाही उचललं. कसं उचलेल?"

"बरं. पर ढेकूळ पान्यात गेलं का न्हाई?"

गेलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

"मंग बाई, उचलायची त्याला गरजच काय पडली?"

 चहा गोड होता. त्यांनी स्वतः घेतला नाही, आता इच्छाच होत नाही म्हणाल्या. रडारड नाही, आरडाओरडा नाही. एसटीची वेळ झाल्यासारखं घरातलं एकेक काम त्या आवरत होत्या, आणि त्यामुळेच मला जास्त वैताग आला. घाबरलेल्या माणसाला धीर देता येतो. ज्याने मनात सामान बांधलं आहे त्याला काय सांगणार?

परतताना जीपमध्ये मला उपाय सुचला. झिजणं म्हणजे वजन कमी होणं. वजन मोजता येतं. आज मोजायचं, आठवड्याने पुन्हा मोजायचं, तेवढंच भरलं की विषय मिटला. यात श्रद्धा दुखावत नाही आणि कुणाला खोटं पाडावं लागत नाही. रामकिशनला हे सांगितलं तर तो फक्त "बघा बा" म्हणाला. त्याच्या या दोन शब्दांचा अर्थ मी वेळीच ओळखायला हवा होता.

सोजराबाई लगेच तयार झाल्या. त्यांनाही आपण किती झिजलो ते जाणून घ्यायचंच होतं. जळबाच्या पिठाच्या गिरणीत धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर त्या उभ्या राहिल्या, जळबाने आकडा मोठ्याने वाचला, अठ्ठेचाळीस किलो चारशे ग्रॅम, आणि मी तो लिहून घेतला. आठवडाभर नीट जेवा, असं मी त्यांना चार चार वेळा बजावलं.

तो आठवडा दोरावाली रोज त्याच वाटेने गेली. आम्ही घुबड माणिकरावांच्या पट्ट्यात मांडून पाहिलं. तिथे ती फिरकलीसुद्धा नाही. माणिकराव मात्र रोज फिरकायचे, कधी पाहुण्यांना घेऊन, आणि जाळ्यासमोर उभं राहून माझ्यासोबत फोटो काढायचे. मी दुर्बिणीतून तिच्याकडे पाहत राहायचे. दोऱ्याला आता हरभऱ्याचं एक वाळकं डहाळं अडकलं होतं आणि ती ते घेऊन उडत होती. पूर्वीपेक्षा जास्त वेळ जमिनीवर बसायची. एकदा उठताना तिचा पाय मागे ओढला गेला आणि ती तोंडावर पडली. मी दुर्बीण खाली ठेवली.

दुसऱ्या वजनाला अर्धं गाव गिरणीत आलं. मला ते बरंच वाटलं, सगळ्यांसमोर निकाल लागणार होता. सोजराबाई काट्यावर चढल्या. जळबाने आकडा पाहिला आणि वाचलाच नाही. काटा बंद करून परत चालू केला, शून्यावर आणला, त्यांना पुन्हा चढवलं. मग मला पुढे बोलावून दाखवला.

सत्तेचाळीस किलो शंभर ग्रॅम.

 गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता. माणिकरावांनी मोबाईल काढून भागाकार केला आणि या हिशेबाने किती आठवडे निघतील ते शेजारच्याला हळूच सांगितलं, गिरणीत हळू बोलायचं तेवढ्या हळू. सोजराबाई काट्यावरून उतरल्या, पदर सारखा केला.

"बराबर हाय," त्या मला म्हणाल्या. "मला कळतच व्हतं. पर मोजलं ते बरं झालं."

जीपमध्ये बसल्यावर रामकिशनने आधी काच पुसली, मग आरसा पुसला. 

"मॅडम, राग येऊ देऊ नका," शेवटी तो बोलला. "पर तुमी मोजलं नसतं तं ही बाई अजून धा वर्सं जगली असती."

मी त्याला गाडी चालव म्हणाले.

पुढचे दिवस मी काठावर चिडून काढले. दोरावालीवर चिडले, तिला दुसरी वाट का सापडत नाही म्हणून. घुबडावर चिडले. सर्वात जास्त त्या तेराशे ग्रॅमवर. भीतीने जेवण सुटलं तर वजन घटतं हे मलाही कळतं, पण सात दिवसांत एवढं, त्या वयाच्या, आधीच काटक असलेल्या बाईचं? माझा आकड्यांवर विश्वास आहे. आकडा चुकत नसेल तर मोजणारा चुकलेला असतो.

एका दुपारी शकुबाई टरबुजांना पाणी घालायला घागर भरायला काठावर आली. गाळात पाय रुततात म्हणून तिने साडी घोट्याच्या वर धरली होती. तिच्या दोन्ही पायांत चांदीचे तोडे होते. जाड, जुन्या घडणीचे, नुकतेच घासून पांढरेशुभ्र केलेले. अशा घडणीचे तोडे हल्ली कुणी करत नाही आणि तिच्या वयाच्या बायका घालत नाहीत.

छान आहेत, मी म्हणाले. कधी केले?

"केले न्हाईत, आत्याबाईंनी देले," ती खुशीत म्हणाली. "लग्न झाल्यापासून म्हनून राहिले, एक डाव घालू द्या, एक डाव घालू द्या. आता देले. म्हन्ल्या, मला आता काय करायचेत."

"पहिलं वजन झालं त्यानंतर?"

शकुबाईने साडी सोडली. तोडे झाकले गेले, साडीचा काठ गाळात गेला. हुशार बाई आहे, मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

पक्ष्याचं वजन पिशवीसकट करतात. मग पिशवीचं वजन वजा करायचं, ही मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवते ती गोष्ट. पन्नास पावलांवरून पक्ष्याच्या पायातला दोरा मला दिसला होता, आणि समोर काट्यावर उभ्या असलेल्या म्हातारीच्या पायात काय आहे ते मी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," शकुबाई म्हणाली, "वजन काय, वयानं बी कमी व्हतंच की."

तिने एवढंच म्हटलं आणि ती घागर भरायला वाकली. मला तिचं वाईट वाटलं. तिने काही चोरलं नव्हतं, मागितलंसुद्धा नव्हतं या वेळी. पण वर आभाळात डहाळं ओढत एक पक्षी फिरत होता आणि घरात एक बाई अन्न सोडून बसली होती. मी तिला सांगितलं की संध्याकाळी गिरणीत ये, आणि तोडे घालून ये.

ती आली. येणार नाही असं मला वाटलं होतं. तोंड फुगवून आली, पण आली, आणि कुणी सांगायच्या आत खाली बसून तोडे काढले आणि काट्यावर ठेवले. नऊशे ग्रॅम. मग मी ते तोडे सोजराबाईंच्या हातात देऊन त्यांना काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो बरोबर. उरलेले चारशे ग्रॅम न खाल्लेल्या भाकरींचे, मी म्हणाले, आणि ते भरून निघतात. सगळी वजाबाकी मी सावकाश, मोठ्याने केली. जळबाने ती परत करून दाखवली. माणिकरावांनी मोबाईलवर केली, त्यांचाही तेवढाच आकडा आला, आणि त्यांनी तो स्वतः शोधून काढल्यासारखा जाहीर केला.

सोजराबाई तोडे हातात धरून काट्यावरच उभ्या होत्या. 

"म्हंजे मी झिजले न्हाई," त्या म्हणाल्या. "मी वाटून टाकलं."

गिरणीत हसू फुटलं. शकुबाई हसली नाही.

"देलेलं माघारी घेत असतेत व्हय, आत्याबाई?"

"मरत असते तं घेतलं नसतं, माय," सोजराबाई म्हणाल्या, खाली बसल्या आणि एकेक करून तोडे पायात चढवले. "जिती हाय म्हनल्यावर लागतेत की मला."

त्या रात्री त्या जेवल्या, असं संतरामने फोन करून कळवलं. काय जेवल्या तेही सांगितलं. मी विचारलं, आणि जाळ्याचं? तो म्हणाला, आई म्हणते लावा, पण ती स्वतः तिथं बसणार, आणि घुबडाचं तोंड तिच्याकडं नको.

परवानगीचा शेवटचा दिवस उजाडला होता. वारा सकाळपासून सुटलेला. अशा वाऱ्यात जाळं फुगतं, पक्ष्याला दिसतं आणि तो वळसा घालून जातो. दुपारभर मी वाऱ्याला मनातल्या मनात जे बोलले ते प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेला शोभणारं नव्हतं. सोजराबाई बांधावर घोंगडं टाकून बसल्या होत्या आणि शकुबाई त्यांच्यापासून बरीच लांब, पाठ करून, हरभरा उपटत होती. माणिकराव फोटोला आले. सोजराबाईंना पाहून बांधाच्या पलीकडेच थांबले आणि मग निघून गेले. त्या दिवशीची ही पहिली चांगली गोष्ट.

दुसरी म्हणजे सूर्य टेकताना वारा पडला.

दोरावाली उशिराच आली. पाण्याच्या कडेने, खालून, एक पंख जरा जड टाकत. खोडाच्या पुढे निघून गेली.  आणि तेवढ्यात तिने मागे वळून घुबडाकडे पाहिलं. इतके दिवस चुकलेली झेप तिने अशी घेतली की जणू आम्हीच तिला उशीर केला होता. पंजा घुबडाच्या डोक्याला लागला, डोकं फिरलं, आणि ती सरळ जाळ्यात गेली. चिमटे सुटल्याचा आवाज मला बाभळीपर्यंत ऐकू आला.

मी धावले. मागे रामकिशन, या वेळी चपला तुटल्या नव्हत्या. जाळ्यातून काढून तिचे दोन्ही पाय बोटांत धरले, डोक्यावर कापड टाकलं. दोरा बोटाच्या बुडाशी दोनदा गुंडाळलेला होता आणि कातडीत रुतला होता. बारीक कात्रीने तो कापायला घेतला तेव्हा सोजराबाई माझ्या खांद्यापाशी येऊन उभ्या होत्या.  दोरा निघाला, डहाळ्यासकट. जखम धुतली. मग पिशवीत घालून तिला काट्याला अडकवलं, आकडा घेतला आणि पिशवीचं वजन वजा केलं.

"किती भरली?" सोजराबाईंनी विचारलं.

दोनशे शहाऐंशी ग्रॅम, मी सांगितलं. साडेतीनशेच्या पुढे भरायला हवी होती.

"मंग ही झिजली."

"दोऱ्यानं, आजी. शिकार धड करता येत नव्हती तिला."

"व्हय, दोऱ्यानं." त्या घुबडाकडे पाहत राहिल्या. "पर घुबडाला बी हिनं जिनगानीत किती डाव मारलं असल."

मी उत्तर दिलं नाही. मला त्या महिन्यात एवढं शहाणपण आलं होतं. कडीच्या डबीतून एक कडी काढली, उजव्या पायात घातली, पक्कडीने बंद केली, आणि ती नीट फिरते का ते पाहिलं. सोजराबाई वाकून बघत होत्या. त्यांच्या तोंडाला भाकरीचा आणि ठेच्याचा वास होता.

"ही निघती का?"

नाही, मी म्हणाले. ती आयुष्यभर तशीच राहते.

"ब्येस केलं," सोजराबाई जरा मोठ्याने म्हणाल्या. "म्हंजे सुनंला देता येनार न्हाई तिला."

लांब शकुबाईचे हात थांबले. मग तिने हरभऱ्याचं एक झाड असं उपटलं की मुळाची माती संतरामच्या अंगावर गेली.

मी दोरावालीला पाण्याकडे तोंड करून सोडलं. ती आधी जमिनीला लागते की काय असं वाटलं, पण सावरली, हरभऱ्यावरून, टरबुजांच्या वेलांवरून, ओल्या गाळावरून खाली खाली जात पलीकडच्या गवताकडे वळली. पायामागे काही नव्हतं. रामकिशनने विचारलं, आता हिचं नाव काय ठेवायचं. मी नंबर सांगितला. त्याला तो आवडला नाही.

मी नोंदी पूर्ण केल्या, जाळं गुंडाळलं, बांबू उपटले. सोजराबाई तोवर घरी निघाल्या होत्या, पुढे त्या आणि मागे, बोलावलं नसतानाही, त्यांचं घोंगडं घेऊन शकुबाई. सगळ्यात शेवटी मी घुबड आणायला खोडाकडे गेले.

मी ते पाण्याकडे तोंड करून ठेवलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. आता त्याचं तोंड माणिकरावांच्या पट्ट्याकडे होतं. नुसतं डोकं नव्हे, अख्खं घुबड, बुडापासून वळवलेलं. आणि वारा तर केव्हाच पडला होता.